मगरिब ते इशा : खलाशांची घटका

जानेफळला इफ्तारचे दस्तरखान उठते, तेव्हा मुंबईत नोकरीला असलेला घरचा मुलगा अजून घड्याळाकडेच पाहत असतो. इकडे खजूर खाऊन, पाणी पिऊन मगरिबची नमाजही झालेली असते. तिकडे सूर्य मावळायला अवकाश असतो. ‘तुमचं झालंसुद्धा?’ हा प्रश्न रमजानमध्ये फोनवर हमखास येतो. फरक साधारण 15 मिनिटांचा. नागपूरकर मात्र जानेफळच्याही दहाएक मिनिटे आधी रोजा सोडतात. सहेरी-इफ्तारचे वेळापत्रक गावोगावी वेगळे छापावे लागते ते यामुळेच.

या पंधरा मिनिटांत एक जुनी विद्या दडली आहे. पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे एका अंशाला 4 मिनिटे लागतात. मुंबई आणि मेहकर तालुका यांच्या रेखांशात सुमारे पावणेचार अंशांचे अंतर आहे. त्याचीच ही पंधरा मिनिटे. रोजेदार आपल्या गावावरून वेळ ठरवतो. भर समुद्रातला खलाशी नेमके उलटे करतो. आकाश आणि घड्याळ पाहून तो आपण कुठे आहोत हे शोधतो. तिथे ना मैलाचा दगड असतो, ना वाट विचारायला माणूस.

त्याचे साधन म्हणजे सेक्स्टंट. आरसे लावलेल्या या कोनमापकातून तारा खाली आणून क्षितिजाला टेकवायचा आणि त्याची उंची अंशांत वाचायची. त्याच क्षणी घड्याळातला सेकंद टिपायचा. मग हिशेब सुरू होतो. आपण अमुक जागी आहोत असे आधी धरून चालायचे. त्या जागेवरून तारा किती उंच दिसायला हवा, हे नाविक पंचांग आणि कोष्टकांवरून काढायचे. मोजलेली उंची आणि हिशेबाची उंची यांत जितक्या कलांचा फरक, तितके सागरी मैल आपण ताऱ्याच्या दिशेने पुढे किंवा मागे. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला, आणि एक कला म्हणजे एक सागरी मैल, 1.852 किलोमीटर. नकाशावर त्याप्रमाणे एक रेघ मारायची. दोन-तीन ताऱ्यांच्या रेघा जिथे छेदतात, तिथे जहाज. ही रीत फ्रेंच नौदल अधिकारी मार्क सेंट हिलेर यांनी 1875 मध्ये मांडली. यात घड्याळ चार सेकंद चुकले, तर विषुववृत्ताजवळ जागा एका सागरी मैलाने सरकते.

हे काम वाटेल तेव्हा करता येत नाही. लख्ख उजेडात तारे दिसत नाहीत, आणि गडद अंधारात क्षितिज दिसत नाही. दोन्ही एकत्र दिसतात ते फक्त संधिप्रकाशात. आपल्या भागात सूर्यास्तानंतर साधारण 25 ते 50 मिनिटांच्या दरम्यान, म्हणजे मगरिब आणि इशाच्या मध्ये. पहाटे तसेच, फजर आणि सूर्योदयाच्या मध्ये. रोजेदार ज्या दोन वेळा जपतो, त्यांच्या लगतच खलाशाच्या दोन घटका येतात.

आता उपग्रह एका क्षणात जागा सांगतात, मग ही खटपट कशाला? याचे उत्तर निवृत्त नौदल अधिकारी अभिलाष टॉमी यांच्या प्रवासात आहे. गोल्डन ग्लोब या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत जीपीएस वापरायला मनाई असते. कागदी नकाशे आणि सेक्स्टंट यांवरच भिस्त. 2018 मध्ये टॉमी गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ या शिडाच्या नौकेतून निघाले. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळाने नौका उलटवली, डोलकाठ्या मोडल्या, पाठीचा कणा जबर दुखावला. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. माणूस तिथे थांबला असता तरी कुणी नावे ठेवली नसती. टॉमी 4 सप्टेंबर 2022 रोजी पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि 236 दिवसांनी, 29 एप्रिल 2023 रोजी, दुसरे आले. वाटेत दिवसामागून दिवस सूर्य-तारे मोजत, आकडेमोड करत राहायचे, हाच तिथला रियाज. अमेरिकेच्या नौदल अकादमीनेही बंद केलेले हे शिक्षण 2015 मध्ये पुन्हा सुरू केले. यंत्र कधीही दगा देऊ शकते, हे त्यामागचे कारण.

या विद्येत कितीतरी लोकांचा वाटा आहे. अरबी समुद्रातले नाखुदा ‘कमाल’ वापरत. लाकडाची छोटी फळी आणि तिला गाठी मारलेली दोरी. दोरीची गाठ दातांत धरायची, फळीची खालची कड क्षितिजाला आणि वरची ध्रुवताऱ्याला लावायची. जुळले, की त्या गाठीच्या बंदराच्या अक्षांशावर गलबत आले. आजच्या नाविक पंचांगातही अरबी नावे आहेत. आपली रोहिणी तिथे अल्देबरान, म्हणजे मागून येणारी; ती कृत्तिकांच्या मागून उगवते. आपला श्रवण तिथे अल्तेर, म्हणजे उडता गरुड. तारा एकच, हाका दोन.

जानेफळहून समुद्र दूर असला, तरी सराव अंगणात करता येतो. क्षितिज नसेल तर ताटात तेल ओतून ताऱ्याचे प्रतिबिंब पाहतात. तारा आणि प्रतिबिंब यांतला कोन निम्मा केला की उंची मिळते. सेक्स्टंट नसेल तर मूठ आहे. हात लांब केला की मूठ साधारण दहा अंश व्यापते. तरावीहहून परतताना उत्तरेकडे तोंड करून क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवावी. दुसऱ्या मुठीच्या थोडे वर ध्रुव सापडतो, कारण मेहकर तालुक्याचा अक्षांश वीस अंशांहून किंचित जास्त आहे.

आणि रेखांश हवा असेल, तर मुंबईच्या मुलाला इफ्तारनंतर फोन लावावा. दोघांच्या वेळेतला फरक मिनिटांत मोजावा, चारने भागावा.