चार खोल्यांचा हिशेब

जुलै 2020, गडचिरोली. नवरा गेल्यावर मिळालेल्या फंडाच्या पैशांत बँकेच्या कर्जाची भर घालून मी घरामागं चार खोल्या काढल्या. खोलीचा किराया महिन्याला दीड हजार. त्यातूनच हप्ता जातो आणि त्यातूनच चूल पेटते.

पहाटे 5.30

नळ आला की आधी टाकी भरून घेते. मग अंगण झाडते. पहिल्या दोन खोल्यांना मार्चपासून कुलूप आहे. पहिलीत भामरागडकडचा पोरगा राहतो, दुसरीत एटापल्लीचे दोघं भाऊ. तिघंही स्पर्धा परीक्षेच्या तयारीला आलेले. कोरोनाची टाळेबंदी लागली, 5 एप्रिलची राज्यसेवा पूर्व परीक्षा पुढं ढकलली, पोलीस भरती थांबली, आणि पोरं सामान तसंच ठेवून गावी गेली.

7.30

चौथ्या खोलीतल्या सिस्टर रात्रपाळी करून येतात. त्यांचा किराया एक तारखेला हातात पडतो. एप्रिलमध्ये गल्लीतल्या काही जणी मला सांगायला आल्या होत्या, "दवाखान्यात जाते ती, तिला खोली सोडायला लावा." मोठ्या शहरांत डॉक्टर-नर्सना अशी घरं सोडावी लागल्याच्या बातम्या तेव्हा रोज येत होत्या. मी स्पष्ट नाही म्हटलं. आजाऱ्याची सेवा करून आलेल्या बाईला रस्त्यावर काढायचं, हे मला जमणार नव्हतं. कुणाला घराबाहेर काढू नये असा नियम का लागतो, ते मला त्या दिवशी कळलं.

10.00

बँकेत रांग. रिझर्व्ह बँकेनं मार्चपासून दिलेली हप्त्याची सवलत आता 31 ऑगस्टपर्यंत आहे. खिडकीवरचा मुलगा समजावून सांगतो, "काकू, हप्ता थांबला आहे, व्याज चालूच आहे. ते मुद्दलात चढेल." म्हणजे सहा महिने हप्ता भरला नाही, तर कर्ज आजच्यापेक्षा मोठं होणार. अर्धा तरी भरावा म्हणून पासबुक काढते. शिल्लक पाहते आणि परत ठेवते.

दुपारी 12.00

रात्रभर पाऊस होता. पहिल्या खोलीच्या दाराखालून पाणी बाहेर येत आहे. खिडकीच्या फटीतून पाहिलं, तर भिंतीला ओल, आणि जमिनीवर सुतळीनं बांधलेले पुस्तकांचे गठ्ठे. कुलूप भामरागडच्या पोराचं, चावी त्याच्याकडे, आणि तो जवळपास 180 किलोमीटर दूर. पर्लकोटा नदीला पूर आला की तिकडचा रस्ताच बंद होतो. चार-पाचदा लावल्यावर फोन लागला. शेजारच्या गुरुजींना साक्षीला उभं केलं आणि फोन स्पीकरवर टाकला.

"काकू, तोडा कुलूप. पुस्तकं वाचवा."

हातोडीनं कुलूप तोडलं. खालची तीन-चार पुस्तकं फुगली होती, एका वहीला वाळवी लागली होती. त्या वहीवर त्यानं तारखेवार अभ्यासाचा तक्ता आखलेला, शेवटची खूण मार्चमधली. सगळं उचलून माझ्या पलंगावर पंख्याखाली पसरलं. किरायाचा विषय मी काढला नव्हता, त्यानंच काढला. "तेंदूच्या पैशांत घर चाललं. धानाचा रोवणा झाला की थोडे पाठवतो." मी म्हटलं, "आधी घरचं बघ बाळा."

3.00

लाईटबिल आलं. टाळेबंदीत मीटर वाचायला कुणी येत नव्हतं, सरासरीनं बिलं लावली गेली आणि जूनमध्ये एकदम मोठी रक्कम अंगावर पडली. मीटर माझ्या नावावर आहे, तेव्हा बिलही मलाच भरायचं. घरटॅक्सची पावती अजून वेगळीच.

5.00

तिसऱ्या खोलीतला दादा मेसमध्ये स्वयंपाक करायचा. पोरं गावी गेली आणि मेस बंद पडली. बायको आणि लहान मुलगी इथंच आहेत. तो आता रोवण्याला मजुरीनं जातो. आज दारात उभं राहून त्यानं पाचशे रुपये पुढं केले. मी तीनशे घेतले आणि दोनशे पोरीच्या दुधाला परत दिले.

6.30

एक कारकून खोली विचारायला आले, दोन महिन्यांचे पैसे आगाऊ द्यायला तयार. दोन खोल्या बंद असून द्यायला एकही नाही. ते म्हणाले, "सामान काढून ठेवा ना बाजूला." पोरांच्या माघारी मी ते करणार नाही, आणि कायदाही करू देत नाही. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, तो करायची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर अटींबाबत किरायेदाराचं म्हणणं आधी धरलं जातं. आमच्याकडे हजार-दीड हजाराच्या खोलीला नोंदणी करतं कोण? शब्दावरच चालतं.

रात्री 9.00

वही काढते. केंद्राचा 29 मार्चचा आदेश होता की मजुरांकडून महिनाभर किराया मागू नये, आणि मजूर-विद्यार्थ्यांना खोली सोडायला लावणाऱ्यावर कारवाई व्हावी. 17 एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागानं सांगितलं की किमान तीन महिने भाडेवसुली पुढं ढकलावी आणि त्यापायी कुणाला काढू नये. दोन्ही आदेश योग्यच होते, आणि मी ते मनापासून पाळले. पण पुढं ढकललेले पैसे आणायचे कुठून, हे त्यांत कुठंच नव्हतं. शंभर फ्लॅटचा मालक आणि चार खोल्यांची विधवा, दोघांना एकच कलम. गरिबाला आधार द्यायचा तो सरकारनं स्वतःच्या तिजोरीतून द्यावा. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून तो दिला, की एका गरिबाचा भार दुसऱ्या गरिबावर जातो.

माझं मागणं मोठं नाही. ज्या महिन्यांत किराया थांबवायला सांगितला, त्या महिन्यांचा घरटॅक्स माफ व्हावा, कर्जावरचं व्याज थांबावं, बंद खोल्यांचं बिल खऱ्या रीडिंगनं यावं. पोरांना मी उद्या कळवणार आहे की मागचा किराया अर्धा द्या, तोही धान निघाल्यावर, जमेल तसा. माझ्या कर्जालाही अशीच मुदत मिळाली, तर या चारही खोल्यांतली माणसं जिथल्या तिथं राहतील आणि मीही राहीन.