छपरावरची वीज: दोन वेगळे हिशेब
पेडण्यात किंवा डिचोलीत घरावर 3 किलोवॉटचे सौर पॅनेल बसवले, तर वर्षाला साधारण 4,000 युनिट वीज मिळते. गोव्याची बरीचशी वीज कोरबा, विंध्याचलसारख्या कोळशावरच्या केंद्रांतून येते; त्यामुळे पॅनेल घडवताना हवेत गेलेल्या कार्बनची भरपाई दोनेक वर्षांत होते. पैशांचे तसे नाही. समजा, 78,000 रुपयांचे केंद्रीय अनुदान वजा जाता खिशातून एक लाख गेले. युनिटमागे चार रुपये वाचले तर ते सहा-सात वर्षांत सुटतात, दोनच वाचले तर बारा-तेरा. कमी वीज वापरणाऱ्याला दर आधीच स्वस्त पडतो; त्याने घाई करू नये, असे मला मनापासून वाटते. डिचोलीत खाणींची तांबडी धूळही काचेवर बसते. पाऊस ती धुतो, पण त्याच महिन्यांत ऊन आटते.