अनुदान थांबते तेव्हा

पोलादपूर तालुक्यात सह्याद्रीच्या कड्यांलगत वसलेल्या कुडपणसारख्या गावाला शास्त्रज्ञांच्या अनुदानाशी काय कर्तव्य, अशी शंका कोणालाही येईल. परंतु २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे प्राणास मुकली आणि त्याच सुमारास पोलादपुरातील केवनाळे व साखर सुतारवाडी या वस्त्यांवरही डोंगर खाली आला, याचे ज्यास स्मरण आहे त्यास ती शंका फार काळ टिकवता येणार नाही. कोणता उतार किती पावसाने सुटतो हे एका पावसाळ्याच्या नोंदींवरून सांगता येत नाही. पाऊस, मातीतील ओल, भूजलाची पातळी आणि खडकांतील भेगा यांचे मोजमाप वर्षानुवर्षे अखंड चालावे लागते, आणि मध्ये एका वर्षाचा हप्ता सरकारदप्तरी अडकला, तर पुढे कितीही मोठी तरतूद झाली तरी त्या वर्षाचा पाऊस पुन्हा मोजता येत नाही.

राज्यकर्त्यांची मर्जी फिरली की संशोधकाच्या मनावर जो आघात होतो, त्याचे मूळ या कधीही भरून न येणाऱ्या हानीत आहे. भारतात २०२०-२१ साली संशोधनावरील खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अवघा ०.६४ टक्के होता; तो ३ टक्के व्हावा, या मागणीसाठी ९ ऑगस्ट २०१७ रोजी देशातील अनेक शहरांत शास्त्रज्ञ रस्त्यावर उतरले होते. अमेरिकेत तर आधी मंजूर झालेली, निम्म्याहून अधिक पार पडलेली संशोधनाची कामेही २०२५ साली रद्द झाली. अशा वेळी केवळ वेतनाची विवंचना नसते. आपल्यावर भरवसा ठेवून आलेल्या संशोधक विद्यार्थ्यांची मुदत संपत आलेली असते, आणि ज्या प्रश्नास आयुष्य वाहिले तो प्रश्नच निरर्थक होता काय, हा संशय मनास पोखरू लागतो.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा वृत्तान्त या संदर्भात मननीय आहे. होमी भाभांच्या निमंत्रणावरून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलेल्या या गणितज्ञाने अणुऊर्जेच्या सरकारी धोरणावर उघड टीका करून सौरऊर्जेचा पुरस्कार केला. १९६२ साली संस्थेने त्यांच्या नेमणुकीची मुदत वाढवली नाही. कारणांविषयी मतभेद असले, तरी धोरणविषयक विरोधाचा त्यात वाटा होता असे अनेकांचे मत आहे. कोसंबींनी मात्र पुण्याच्या परिसरातील टेकड्या पायी धुंडाळून सूक्ष्म पाषाणास्त्रे गोळा करण्याचा उद्योग सोडला नाही, आणि प्राचीन भारतीय संस्कृतीवरील त्यांचा सुप्रसिद्ध ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. तरीही त्यांच्या चिकाटीचे कौतुक करताना हे विसरू नये की १९६४ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांस सन्माननीय शास्त्रज्ञाचे पद दिले आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने त्यांस जागा दिली. मनाच्या धैर्यासही आश्रय लागतो.

म्हणून ज्याचे अनुदान थांबले आहे त्याने प्रथम आपला शोक खरा मानावा, आणि निधी नाकारला जाणे हा आपल्या बुद्धीवरील निवाडा नव्हे, हे स्वतःस बजावून सांगावे. जमा झालेल्या नोंदी सुरक्षित कराव्या, विद्यार्थ्यांपासून सत्यस्थिती लपवू नये, खर्चावाचून चालणारे एखादे काम रोज नियमाने करावे, आणि समव्यवसायी मंडळींत मोकळेपणाने बोलावे. झोप उडाली वा अन्नावरील वासना गेली, तर संकोच न धरता वैद्याकडे जावे किंवा शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.

परंतु सारा भार संशोधकाच्याच सहनशीलतेवर टाकून समाजास मोकळे होता येणार नाही. ज्यांची घरे डोंगराच्या पायथ्याशी आहेत त्यांनी, आणि त्यांच्या मतांवर निवडून येणाऱ्यांनीही, संशोधनावरील खर्च हा आपल्या रक्षणाचा खर्च आहे असे समजून त्याचा जाब विचारला पाहिजे.