सफाई कामगाराचा पगार कोण ठरवतं?

नगरकारभार समजून घेताना : लेखांक ७

मागच्या आठवड्यात जकात गेल्यावर महापालिकांची तिजोरी कशावर चालते ते पाहिलं. त्या तिजोरीतून दर महिन्याला न चुकता बाहेर पडणारी रक्कम म्हणजे पगार. तो योग्य आहे की नाही, हे पाहण्याआधी तो ठरतो कुठे ते पाहू.

वेतनश्रेणीची चौकट मंत्रालयातून येते. सातव्या आयोगात केंद्राने किमान मूळ वेतन १८,००० रुपये ठेवलं, राज्याने १५,०००. राज्य कर्मचाऱ्यांच्या हाती ते जानेवारी २०१९पासून पडू लागलं, महापालिकांची पाळी त्यानंतर आली. शिवाय राज्य सरकारातल्या समकक्ष पदापेक्षा जास्त श्रेणी द्यायची नाही, ही अट. वाढीचा बोजा मात्र महापालिकेने स्वतःच्या उत्पन्नातून उचलायचा. मुंबईला ते जमतं, लहान महापालिकांची दमछाक होते.

दुसरा निर्णय दिवाळीच्या तोंडावर होतो. १९६५च्या बोनस कायद्याने स्थानिक प्राधिकरणांना बाहेर ठेवलं होतं, म्हणून मुंबईत दिलं जातं ते सानुग्रह अनुदान. २०२१ साली ते २०,००० रुपये होतं, २०२२ला २२,५००, २०२३ला २६,००० आणि २०२४ला २९,०००. यामागचं सूत्र शोधत बसू नये. निवडणुका किती जवळ आल्यात ते पाहावं.

पण झाडूवाल्याच्या पगाराचा खरा फैसला होतो तो निविदेत. आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत ठेवा, हा राज्याचा दंडक आहे. तो ओलांडला की नवी भरती अडते. शहर वाढतं, कचरा वाढतो, निवृत्तांच्या जागा रिकाम्या राहतात. मग तेच काम ठेकेदाराला जातं आणि त्याचा खर्च पगाराच्या रकान्याऐवजी कामाच्या देयकात दिसतो. कागदावर आस्थापना सडपातळ, रस्त्यावर माणसं तेवढीच.

आता निविदेचा हिशेब बघा. सफाईच्या कामात यंत्रसामग्री थोडी, बहुतेक खर्च मजुरीचाच. काम मिळणार सर्वांत कमी दर भरणाऱ्याला. किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधीचा वाटा कायद्याने बांधलेला. मग दर खाली येणार कुठून? कामगाराच्याच खिशातून: निधी भरायचा नाही, सुट्टीच्या दिवसाचे पैसे कापायचे, हातमोजे-गमबूट द्यायचेच नाहीत. अमुक टक्के कमी दराची निविदा आली म्हणून स्थायी समिती खूश होते, तेव्हा ते टक्के कुणाच्या पगारातून गेले हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा.

न्यायालयं या प्रश्नापर्यंत पोचली आहेत, पण वाट लांबची आहे. पंजाब सरकार विरुद्ध जगजित सिंग या खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कायम कर्मचाऱ्याचंच काम करणाऱ्या हंगामी माणसाला त्या पदाच्या श्रेणीतलं किमान वेतन मिळालं पाहिजे. तो खटला सरकारने स्वतः नेमलेल्यांचा होता. ठेकेदाराच्या माणसाला आधी आपला मालक कोण हेच सिद्ध करावं लागतं. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने ते करून दाखवलं. ठेका नावापुरता आहे, कामावर हुकूम महापालिकेचाच चालतो, असं त्यांचं म्हणणं होतं. औद्योगिक न्यायाधिकरण, उच्च न्यायालय अशा पायऱ्या चढत प्रकरण दिल्लीला गेलं आणि एप्रिल २०१७मध्ये सुमारे २,७०० सफाई कामगारांना कायम करण्याच्या आदेशावर शिक्कामोर्तब झालं. त्यानंतरही कित्येकांची नेमणूक रखडली. यादीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव यांत एखाददुसऱ्या अक्षराचा फरक होता म्हणून!

कायम झालेल्याला मिळतं काय? मूळ वेतनावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, भरपगारी रजा, ग्रॅच्युइटी. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरीत प्राधान्यही मिळतं. ही सवलत कुटुंबाला आधार देते, पण त्याच कुटुंबाला त्याच झाडूशी बांधूनही ठेवते; शिकलेल्या वारसाला त्याच्या शिक्षणाला साजेसं पद मिळालं तरच तिला अर्थ आहे, असं मला वाटतं.

पेन्शनचं मात्र वेगळंच आहे. मुंबई महापालिकेत ५ मे २००८नंतर नेमणूक झालेल्यांना जुनी पेन्शन नाही. एकाच चौकीवर हजेरी लावणाऱ्या दोघांचं म्हातारपण त्यामुळे किती वेगळं होतं, त्याचा हिशेब पुढच्या आठवड्यात.