जर्सीवरचा आळ

कोल्हापूरच्या राजारामपुरीत दुधाच्या पिशवीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, ‘जर्सीचं पाणी ते! म्हशीचं घ्या, नाहीतर देशी गाईचं.’ चव ज्याची त्याची. पण यात जर्सीवर फुकटचा आळ आहे. पातळ दूध काळ्या-पांढऱ्या एचएफचं, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियनचं. फॅट साधारण साडेतीन टक्के. जर्सीचं फॅट साडेचार-पाच भरतं, देशी गीर गाईच्या तोडीस तोड. आणि आपल्याकडच्या गोठ्यांत शुद्ध जर्सी किंवा शुद्ध एचएफ क्वचितच. बहुतेक गायी संकरितच.

गोठेवाल्यांचा गैरसमज मात्र जास्त महागात पडतो: विदेशी रक्त जितकं जास्त, तितकं दूध जास्त. गावठी किंवा गीर गाईला एचएफचं रेतन केलं की पहिल्या पिढीत रक्त निम्मं-निम्मं येतं. संकराचा खरा फायदा इथंच सगळ्यात मोठा: दूध वाढतं आणि आईचा काटकपणाही बराच टिकतो. त्या कालवडीला पुन्हा एचएफ, तिच्या पोरीलाही एचएफ, असं करत रक्त पाऊण, मग साडेसत्त्याऐंशी टक्क्यांवर जातं. कागदावर दूध वाढतं. एप्रिलच्या उन्हात तीच गाय धापा टाकते, खाणं सोडते, वारंवार उलटते (रेतन करूनही गाभण राहत नाही) आणि गोचीडतापाला बळी पडते. म्हणून विदेशी रक्त ५० ते ६२.५ टक्क्यांच्या आसपास ठेवणं शहाणपणाचं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘फुले त्रिवेणी’ या संकरित गाईत विदेशी रक्त पाऊण असलं, तरी त्यातलं एचएफ निम्मंच, उरलेलं पाव जर्सी; बाकी पाव गीर. आपलाच गीर नेऊन ब्राझीलनं घडवलेल्या गिरोलांडो जातीत होल्स्टीनचा वाटा पाच अष्टमांश. रेतनाच्या स्ट्रॉवर वळूची जात आणि नंबर छापलेला असतो. तो वहीत उतरवून घेणारा मालक विरळाच, मग रक्ताचा हिशेब लागणार कसा?

देशी गाय आजारीच पडत नाही, हे अर्धसत्य. ऊन आणि गोचीड ती जास्त सोसते, दगडीही (कासेचा दाह) तिला कमी होते. पण २०२२ च्या लम्पी साथीत देशी गायी-बैलही दगावले; म्हशी बऱ्याच बचावल्या. लाळ्या-खुरकूत तर जात बघून येत नाही, लस देशी-संकरित दोघींनाही हवी. आणि देशीतल्या खिल्लारची तुलना एचएफशी करूच नये. ती जात नांगरासाठी, शर्यतीसाठी. तिचं दूध वासराला पुरलं तरी पुष्कळ.

राहता राहिला ‘ए-टू’चा, म्हणजे ए-टू प्रकारचं बीटा-केसीन प्रथिन असलेल्या दुधाचा बोलबाला. देशी गायींचं दूध बहुतांशी ए-टू असतं हे खरं. पण एचएफ आणि संकरित गायींतही ए-टू देणाऱ्या कितीतरी असतात. कुठली कशी, ते डीएनए तपासणीशिवाय कळत नाही. म्हशीचं दूध तर ए-टूच. म्हणजे गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण ग्लास रिचवणारा कोल्हापूरकर पिढ्यान्‌पिढ्या जादा पैसे न मोजता तेच पितोय. लॅक्टोजमुळे दूध सोसत नसेल, तर ए-टूवर खर्च करून उपयोग नाही, लॅक्टोज त्यातही तेवढंच असतं. अशांनी दही-ताक घेऊन बघावं.