दुसरी प्रत कुठे ठेवायची?

बदलापूरला उल्हास नदीची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोक्याची पातळी १७.५० मीटर. हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवली, बॅरेज रोड या भागांत राहणाऱ्यांचं पावसाळ्यात या आकड्यांकडे सारखं लक्ष असतं. २६ जुलै २००५ चा पूर इथल्या घराघरात आठवणीत आहे. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना सोडवून आणावं लागलं. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा घरांत आलं. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहत उल्हासनगरात शिरणारी वालधुनीही जोराच्या पावसात काठच्या वस्त्यांना सोडत नाही.

म्हणून या तीन शहरांतल्या माणसाने घरच्या कॉम्प्युटरच्या बॅकअपचा विचार ‘कुठली हार्ड डिस्क घेऊ?’ इथून सुरू करू नये, असं मला ठामपणे वाटतं. आधी ठरवायचं ते दुसरी प्रत कुठे राहणार हे. टेबलावर कॉम्प्युटर आणि त्याच टेबलाच्या खणात डिस्क असेल, तर तळमजल्यावर पाणी शिरल्यावर दोन्ही एकाच रात्रीत जातात. चोरी झाली किंवा शॉर्ट सर्किटने आग लागली तरी तेच.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे रूढ झालेला ३-२-१ चा नियम इथे उपयोगी पडतो. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. घरगुती भाषेत सांगायचं तर मूळ फाइली कॉम्प्युटरवर, एक डिस्क घरात आणि दुसरी नात्यातल्या कुणाकडे. बदलापूर पश्चिमेला नदीकडच्या भागात राहत असाल आणि बहीण अंबरनाथला तिसऱ्या मजल्यावर असेल, तर दुसऱ्या डिस्कची जागा ठरली. महिन्यातून एकदा जाणंयेणं होतंच. तेव्हा घरची ताजी डिस्क तिकडे ठेवायची आणि तिकडची इकडे आणायची. एक मोठी डिस्क घेण्यापेक्षा त्याच पैशात दोन बेताच्या घेणं मला कधीही शहाणपणाचं वाटतं.

किती मोठी? कॉम्प्युटरवर आज जेवढा डेटा आहे त्याच्या किमान दुप्पट, कारण चांगलं बॅकअप सॉफ्टवेअर फाइलच्या जुन्या आवृत्त्याही जपतं. घरातले फोटो, मुलांची कागदपत्रं, थोडे व्हिडिओ मिळून ४०० जीबी असतील तर १ टीबी पुरते. डिस्क लावल्यावर विंडोज तिची क्षमता ९३१ जीबी दाखवतं, तेव्हा दुकानदाराने फसवलं असं समजू नये. कंपनी १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट असं दशमान पद्धतीने धरते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. जागा तेवढीच असते.

आता प्रकार. एचडीडीत फिरत्या तबकड्या असतात, एसएसडीत नुसत्या चिप. एसएसडी कितीतरी वेगवान आणि हातातून पडली तरी सहसा निभावते. पण वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात पडून राहिली तर तिच्यातला विद्युतभार हळूहळू झिरपतो, आणि उष्णतेत हे लवकर होतं. एचडीडीला तो धोका नाही, ती स्वस्तही पडते. मात्र चालू असताना धक्का बसला तर तिचं वाचणारं-लिहिणारं डोकं तबकडीवर घासून सगळंच जाऊ शकतं. महिन्याला अदलाबदल होणाऱ्या बॅकअपसाठी मी अडीच इंची साधी पोर्टेबल एचडीडीच सुचवेन. तिला वेगळा अ‍ॅडॉप्टर लागत नाही, यूएसबीतूनच वीज मिळते. लोकलच्या गर्दीतून नेताना ती बंदच असते, त्यामुळे आतलं डोकं बाजूला उचललेलं राहतं. मऊ कापडात गुंडाळून पिशवीच्या मधोमध ठेवली की पुरे.

हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आता जगात तीनच उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. घरगुती वापरात त्यांच्यातला फरक इतका थोडा, की नावावर वाद घालण्यात अर्थ नाही. महत्त्वाचं म्हणजे सीलबंद खोकं, जीएसटीचं पक्कं बिल आणि कंपनीच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक टाकून वॉरंटी तपासणं. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, आतला डेटा मिळत नाही, हेही ध्यानात असू द्यावं.

हजार-दोन हजारात ‘१६ टीबी एसएसडी’ म्हणून जे विकलं जातं त्यापासून मात्र लांब राहा. आत एखादी ६४ जीबीची चिप असते आणि तिचं नियंत्रण करणाऱ्या भागाला खोटी क्षमता सांगायला शिकवलेलं असतं. चिप भरली की नवा डेटा जुन्यावर लिहिला जातो. फाइलींची नावं सगळी दिसतात, पण उघडत नाहीत. ही फसवणूक पकडायला विंडोजवर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ आणि मॅक किंवा लिनक्सवर ‘एफथ्री’ ही मोफत साधनं आहेत. ती पूर्ण डिस्क भरतात आणि जे लिहिलं तेच परत वाचता येतं का ते पाहतात. सेकंदाला १०० एमबी वेग धरला तर १ टीबी लिहायला पावणेतीन तास आणि वाचायला तेवढेच. नवी डिस्क आणल्यावर, काहीही साठवण्याआधी, ही चाचणी एकदा करावी. खरी डिस्क असली तरी तिच्यातला कारखान्यातला दोष असाच लवकर कळतो.

केबल यूएसबी ३ च्या पोर्टला लावा; पुष्कळ कॉम्प्युटरवर तो आतून निळा असतो. जुन्या यूएसबी २ मधून सेकंदाला ३०–४० एमबीच जातात, म्हणजे तासाभराच्या कामाला तीन तास. आणि डेस्कटॉपला यूपीएस असल्याशिवाय मोठा बॅकअप सुरू करू नका. लिहिणं चालू असताना वीज गेली की डिस्कवरच्या फाइलींची सूचीच बिघडू शकते.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत एक गल्लत नेहमी होते. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह दोन्हीकडचा डेटा सारखा ठेवतात. इकडे फाइल खोडली की तिकडेही खोडली जाते. कचरापेटीत ती काही दिवस सापडते, नंतर तीही संधी जाते. बॅकअपमध्ये गेल्या मंगळवारची फाइल गेल्या मंगळवारसारखीच मिळायला हवी. मॅकवर २००७ पासून असलेलं टाइम मशीन हे काम उत्तम करतं: चोवीस तासांच्या तासागणिक प्रती, महिन्याभराच्या रोजच्या, त्याआधीच्या आठवड्यागणिक. विंडोजवर कंट्रोल पॅनेलमधली फाइल हिस्टरी घरासाठी पुरेशी आहे. लिनक्सवर देजा डुप. संपूर्ण विंडोजची प्रतिमा हवी असेल तर वीम एजंटची मोफत आवृत्ती चालते; जुन्या लेखांत शिफारस केलेल्या मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती आता बंद झाली आहे.

पण फाइल हिस्टरी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरावीक जागाच पाहते. उल्हासनगरात घरातूनच कपड्यांचा किंवा फर्निचरचा हिशेब सांभाळणारी किती कुटुंबं टॅलीवर काम करतात! टॅली प्राइमचा डेटा सहसा सी ड्राइव्हवर यूजर्सखालच्या पब्लिक फोल्डरात असतो, म्हणजे फाइल हिस्टरीच्या नजरेबाहेर. बॅकअप ‘झाला’ म्हणून दिसतं आणि वह्या त्यात नसतातच. उपाय सोपा आहे: टॅलीच्या डेटा मेनूतून बॅकअप घ्यायचा आणि तो डॉक्युमेंट्समध्ये साठवायचा, म्हणजे पुढचं आपोआप होतं.

तसंच मराठी फॉन्टचं. श्रीलिपी, आकृती यांच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेल्या लग्नपत्रिका, मंडळाच्या स्मरणिका, आजोबांच्या टाइप करून घेतलेल्या आठवणी अनेकांकडे आहेत. फॉन्ट नसेल तर ती फाइल नुसती अक्षरांची खिचडी दिसते. म्हणून फॉन्टच्या फाइली आणि त्यांच्या सॉफ्टवेअरची इन्स्टॉलेशन सीडी किंवा परवाना क्रमांक यांचीही प्रत डिस्कवर हवी. जमेल तेव्हा त्या मजकुराचं युनिकोडमध्ये रूपांतर करून पीडीएफही ठेवावी.

बॅकअप झाला की डिस्क ‘सेफली रिमूव्ह’ करून काढायची. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा विध्वंसक प्रोग्राम जगभर पसरला, तेव्हा जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं कामही ठप्प झालं होतं. खंडणी मागणारे तशा जातीचे प्रोग्राम कॉम्प्युटरला जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद करतात. न जोडलेल्या डिस्कपर्यंत ते पोचूच शकत नाहीत. काढलेली डिस्क सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात, घरातल्या उंच फळीवर ठेवा. इथल्या जुलैतल्या दमट हवेत यूएसबीचे संपर्कबिंदू गंजतात.

दुसऱ्याच्या घरी राहणारी डिस्क कूटबद्ध केलेली बरी, कारण तिच्यात आधार, पॅन, बँकेची विवरणं असतात. विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर आहे, होम आवृत्तीवर मोफत व्हेराक्रिप्ट वापरता येतं. पासवर्ड आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा आणि कागद कुठे आहे ते घरातल्या आणखी एका माणसाला सांगा. दोन्ही हरवले तर डिस्क शाबूत असूनही आतलं कुणालाच मिळणार नाही.

आणि तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्याच एखाद्या कॉम्प्युटरवर डिस्क लावून एक जुना फोटो, एक टॅलीचा बॅकअप आणि एक मराठी फाइल परत आणून उघडून पाहा. उघडली नाही तर मूळ फाइल अजून तुमच्याकडे आहे, तोवरच दुसरी प्रत नव्याने काढा.