परक्या रुळांवर घरचं इंजिन

11 ऑगस्ट 1968 रोजी ब्रिटिश रेल्वेने वाफेच्या इंजिनाची शेवटची प्रवासी गाडी काढली. तिकीट 15 गिनींचं, म्हणून गाडीला नावही 'फिफ्टीन गिनी स्पेशल' असंच पडलं. लिव्हरपूलहून कार्लाइलला जाऊन परत येणारी ही गाडी बघायला रुळांच्या कडेने माणसांची रीघ लागली होती. ती परतली आणि मुख्य मार्गांवरचा धूर संपला. तिथल्या रेल्वेवेड्यांनी मग कॅमेरे उचलले आणि परदेशाची वाट धरली. तुर्कस्तान, दक्षिण आफ्रिका, भारत आणि सरतेशेवटी चीन. जिथे धूर, तिथे ही मंडळी.

चीनमधल्या जीतोंग रेल्वेसारखं तीर्थक्षेत्र त्यांना दुसरं मिळालं नाही. इनर मंगोलियातला हा 945 किलोमीटरचा मार्ग 1995 मध्ये सुरू झाला. मार्ग नवाकोरा, पण त्यावर धावायची ती 'क्यूजे' जातीची वाफेची इंजिनं. अवजड मालगाड्यांना पुढे दोन-दोन क्यूजे जोडलेली असत आणि जिंगपेंग खिंडीत ती वळणावळणाच्या पुलांवरून चढत जात. परदेशी मंडळी यायची ती मुद्दाम कडाक्याच्या थंडीत. कारण हवा जितकी गार, तितकी वाफ दाट आणि पांढरीशुभ्र दिसते. उन्हाळ्यात तीच वाफ डोळ्यांदेखत विरून जाते, फोटोत काही उरत नाही. इंग्रज, जर्मन, जपानी, अमेरिकन छायाचित्रकार शून्याखालच्या तापमानात टेकडीवर तासन्‌तास पाय रोवून उभे राहायचे. डिसेंबर 2005 मध्ये इथली वाफेवरची नियमित वाहतूक थांबली तेव्हा त्यांना हळहळ वाटली. त्याच थंडीत भट्टीत कोळसा टाकणाऱ्या फायरमनला डिझेल आल्याची हळहळ वाटली असेल, असं मात्र म्हणवत नाही. परदेशी गाडीवरच्या प्रेमात ही एक गोम आहेच: पाहुण्याला जे देखणं वाटतं, ते रोज राबणाऱ्याला नकोसं झालेलं असतं.

दुसरी गोम मापाची. रेल्वेवेडा परदेशी गाडी पाहतो ती घरची मापपट्टी खिशात घेऊनच. याला बार्शी लाइनसारखं उदाहरण नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने 1897 मध्ये अडीच फूट रुंदीची बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. तिचा फाटा पुढे पंढरपूरला पोहोचला आणि वारकऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्या सोय झाली. बार्शीचा अनुभव गाठीशी घेऊन कॅलथ्रॉपने इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरच्या डोंगराळ भागात लीक अँड मॅनिफोल्ड ही तशाच रुंदीची रेल्वे उभारली. ती 1904 मध्ये सुरू झाली. तिच्या इंजिनांवर वसाहतीतल्या इंजिनांसारखे भलेमोठे दिवे होते. इंग्लंडच्या कुंपणबंद हिरव्या शेतांतून ती इंजिनं जाताना कशी दिसत असतील, कोण जाणे! ती लाइन 1934 मध्ये बंद पडली, इंजिनं भंगारात गेली. बार्शी लाइन मात्र पुढे कितीतरी वर्षं चालत राहिली. ब्रिटिश नॅरोगेजप्रेमींना बार्शी लाइनवरच्या कुर्डुवाडीचं नाव ठाऊक असतं ते यामुळे. त्यांच्या दृष्टीने ही भारतातली रेल्वे थोरली आणि स्टॅफर्डशायरची धाकटी.

काहींचं भागत नाही निव्वळ बघण्याने. दार्जिलिंगच्या दोन फुटी रुळांवरची 'बी' वर्गाची छोटी इंजिनं जगभरच्या शौकिनांची लाडकी. चढावर चाकं घसरू नयेत म्हणून पुढच्या बाजूला बसलेली माणसं हाताने रुळांवर वाळू टाकतात, हे दृश्य पाहायला लोक समुद्र ओलांडून येतात. या वर्गातलं 778 क्रमांकाचं इंजिन 1962 मध्ये अमेरिकेत गेलं. पुढे ते इंग्लंडमधल्या चिल्टर्न रेल्वेजचे अध्यक्ष एड्रियन शूटर यांनी विकत घेतलं आणि ऑक्सफर्डशायरमध्ये स्वतःच्या घराच्या आवारात रूळ टाकून त्यावर चालवलं. दिवसभर रेल्वे कंपनी चालवून घरी येणाऱ्या माणसाने पुन्हा इंजिनच चालवायचं, याला वेड नाही तर काय म्हणायचं? अमेरिकाही मागे नाही. जीतोंगची दोन क्यूजे इंजिनं आयोवा राज्यात नेली गेली आणि 2006 मध्ये तिथल्या रुळांवर धावली.

चीनमधून इंग्लंडलाही एक इंजिन आलं. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात चीनने भेट दिलेलं एक अजस्र इंजिन आहे. ते 1935 मध्ये लँकशायरच्या व्हल्कन फाउंड्रीत बनलं, पण इतकं उंच आणि रुंद की ज्या देशात ते घडलं तिथल्या पुलांखालून ते जाऊच शकत नाही.

आपल्याकडचे रेलफॅनही परदेशात जातात तेव्हा नजर अशीच घरच्या खुणा शोधते. स्वित्झर्लंडमध्ये गॉटहार्ड घाटाच्या पायथ्याशी एर्स्टफेल्ड स्थानकाजवळ जुनं 'क्रोकोडाइल' विजेचं इंजिन मांडून ठेवलेलं आहे. लांबलचक नाक पुढे, लांबलचक नाक मागे, मधे केबिन, आणि चाकांना जोडणारे दांडे. कर्जत-लोणावळ्याच्या जुन्या माणसाला ते बघताच 'खेकडा' आठवतो. बोरघाट आणि थळघाटासाठी 1928 पासून आलेली ही डब्ल्यूसीजी-1 इंजिनं याच वळणाची होती, आणि त्यांतली सुरुवातीची विंटरथूरच्या स्विस कारखान्यात घडलेली. मधे वाकू शकणारी बांधणी दोन्हीकडे एकाच कारणाने आली: तीव्र चढ आणि त्यावर आवळ वळणं. बोरघाटाचा चढ 37 फुटांना 1 फूट. आजही गाडीला मागून रेटा द्यायला कर्जतला बँकर इंजिनं जोडतात, आणि परदेशी शौकीन त्यासाठी फलाटाच्या टोकाला जाऊन उभे राहतात. आपण तेवढ्या वेळात वडापाव घेऊन जागेवर परत येतो.

खेकडा बघायला मात्र स्वित्झर्लंडला जायची गरज नाही. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एक उभा आहे. मुलांना घेऊन गेलात तर आधी त्याच्या चाकांचे दांडे दाखवा, मग आतली विज्ञानाची दालनं.